अंमळ तेज

शकूताई आठल्ये चालू गाडीच्या बॉनेटवर चहाची कपबशी ठेवायच्या. कप काठोकाठ भरलेला. मग चष्मा कपाळावर सरकवून, दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या चहाकडे बघत उभ्या राहायच्या. चहा बशीत सांडला तर इंजिनाचं काहीतरी दुखतंय. नुसता थरथरला तर चालायचंच, वय झालंय. आणि त्यावर साय धरली तर गोपालदा मिस्त्रीला त्या दिवशी सुट्टी. परीक्षा संपली की तोच चहा त्या उभ्याउभ्या पिऊन टाकायच्या. कोमट, साय आलेला चहा आवडीने पिणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

आमची ओळखही त्या चहापायीच झाली. माझी बदली नुकतीच कोलकात्याला, गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झाली होती आणि मी बेहालात भाड्याचं घर शोधत हिंडत होतो. एका गल्लीत पाय चिखलात गेला. पाय बाहेर आला, बूट आतच राहिला. मी "अरे देवा" म्हणालो. समोर एक भलीमोठी, दुधी हिरव्या रंगाची, उघड्या टपाची जुनी अमेरिकन गाडी गुरगुरत उभी होती आणि तिच्यापुढे पांढऱ्या सुती साडीतल्या एक उंच बाई. मान न वळवता त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं, "देवाला मागाहून बोलवा. आधी अंमळ बाजूला व्हा, चहात सावली पडतेय."

'अंमळ' ऐकून मी बूट विसरलो. हा शब्द माझ्या आजोबांच्या तोंडी होता आणि त्यांच्याबरोबरच गेला अशी माझी समजूत होती. पण शकूताईंच्या आजोबांनी कोकणातून कोलकात्याला येताना जी मराठी आणली ती आठल्यांच्या घरात तशीच वापरात राहिली होती. मधल्या काळात पुण्यामुंबईत काय काय बदललं ते त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. बाहेर त्या अस्सल बंगाली बोलायच्या, भाजीवाल्याशी तर अशा की तो बिचारा स्वतःहून दोन मिरच्या जास्त टाकायचा. घरात मात्र अंमळ मीठ, अंमळ उसंत, अंमळ तोंड बंद ठेवा. संध्याकाळपर्यंत मला घर मिळालं होतं. त्यांच्याच घराचा वरचा मजला.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे हे सांगितल्यावर आदर वाढेल अशी माझी अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, "म्हणजे रुळांवरचे. तुमच्या इंजिनाला स्टिअरिंग नसतं ना? मग गाडीतलं काय कळणार तुम्हाला." त्या दिवसापासून माझं नाव 'रेल्वे' पडलं. जिन्याखालून हाक यायची, "अहो रेल्वे, आहात का घरात?" माझी बायको कधीमधी नागपूरहून यायची, तिलाही त्या विचारायच्या, "रेल्वे वेळेवर जेवतात ना?"

त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण शिकवणं काही निवृत्त झालं नव्हतं. डायमंड हार्बर रोडवर एखाद्या मिनीबसने आडवं घातलं तर त्या गाडी थांबवायच्या, उतरायच्या आणि ड्रायव्हरला खिडकीतून विचारायच्या, "कोन इस्कुले पोडेछो?" कुठल्या शाळेत शिकलास? मागे सगळा रस्ता भोंगे वाजवत असायचा. ड्रायव्हर शाळेचं नाव सांगायचा, चक्क माफी मागायचा. मी शेजारच्या सीटवर अंग चोरून बसलेलो. "घाबरता काय असे," त्या म्हणायच्या, "बंगाली माणूस दिदिमोनीला, म्हणजे शाळेतल्या बाईंना, उलट बोलत नाही. तुमच्या पुण्यात करून बघणार नाही मी हे."

ती गाडी त्यांच्या वडिलांची, आबांची. देश सोडून चाललेल्या कुठल्याशा कंपनीच्या साहेबाकडून आबांनी ती घेतली होती. मोहल्ल्यातली मुलं तिला 'जाहाज' म्हणत आणि ते बरोबरच होतं, कारण ती वळवायची म्हणजे आधी दोन्ही काठांना कळवावं लागे. कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती आबांच्या काळापासून त्याच गाडीतून विसर्जनाला जायचा. टप दुमडायचं, मागची सीट काढायची, तिथे चौरंग पक्का बांधायचा आणि त्यावर मूर्ती. पुढे लेझीम, मागे मंडळी, मधे जहाज. आबांची दृष्टी गेली तेव्हा चाक शकूताईंच्या हाती आलं आणि तेव्हापासून दर अनंत चतुर्दशीला मंडळाच्या सभागृहापासून गंगेच्या घाटापर्यंत गणपती त्यांनीच नेला होता.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. गाडी पळवणं कुणालाही जमतं, पण इतकी जड गाडी माणसाच्या चालीने, तीही लेझीम खेळणाऱ्या माणसाच्या चालीने, एकही धक्का न देता दोन-अडीच तास चालवायची म्हणजे पायाचं कसब लागतं. शकूताई चपला काढून बसायच्या. "क्लच तळपायाला कळतो, चपलेला कळत नाही," असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरं वाक्य तर मंडळातल्या पोराटोरांनाही पाठ होतं: "गणपतीला ठेच लागता कामा नये."

मी गेलो त्याच वर्षी ठेच लागली. घाट जवळ आला असताना इंजिन खोकलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं. मूर्ती डगमगली. बांधलेली होती म्हणून बचावली, पण मंडळी जागच्या जागी थिजली. उरलेलं अंतर आम्ही सगळ्यांनी जहाज ढकलत नेलं. शकूताई चाकामागे ताठ बसून होत्या. कुणी काही बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं. मंडळाचे चिटणीस जोगळेकर अतिशय सज्जन माणूस. त्यांनी चार दिवस जाऊ दिले, मग घरी येऊन, चहा पिऊन, हवेपाण्याचं बोलून शेवटी म्हणाले, "शकूताई, पुढच्या वर्षी छोटा टेम्पो बघावा का? गाडीचंही वय झालं."

"गाडीचं म्हणजे माझं," शकूताई म्हणाल्या. "चैत्रापर्यंत उघडते इंजिन. गणपतीआधी तुम्हाला चालवून दाखवीन. आवडलं नाही तर खुशाल टेम्पो आणा. त्याला झेंडूच्या माळा मी स्वतः बांधीन."

गोपालदाने इंजिन उघडलं आणि रोग सापडला. कॅमशाफ्ट झिजली होती. आता ज्यांना इंजिनाशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की इंजिनाच्या पोटात एक लांब दांडा फिरत असतो आणि त्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या, किती उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या हे ते उंचवटे ठरवतात. थोडक्यात, इंजिनाने श्वास कसा घ्यायचा ते त्या दांड्यावर कोरलेलं असतं. तो दांडा नवीन कुठून मिळणार? पण बेहालाच्याच एका लहानशा वर्कशॉपमध्ये जुनी शाफ्ट नव्याने घासून द्यायचे. आणि घासतानाच, म्हटलं तर, उंचवट्यांचा आकार बदलूनही द्यायचे. त्यांच्याकडे तीन तऱ्हा होत्या. नॉर्मल, म्हणजे जशी होती तशी. सेमी, म्हणजे थोडी तेज. आणि फुल, म्हणजे शर्यतीवाल्यांची.

मी लगेच म्हणालो, नॉर्मल. रेल्वेत आयुष्य काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार? गोपालदाने माझ्याकडे दयेने पाहिलं. त्याने जन्मभर टॅक्सींची इंजिनं बांधली होती, आणि आता हाती एवढं मोठं धूड आलं होतं. "फुल, दिदिमोनी," तो म्हणाला. "बाघ होये जाबे." वाघ होईल गाडीचा.

शकूताई गॅरेजच्या दारात स्टुलावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "रेल्वे, मी ही गाडी किती वर्षं चालवतेय ठाऊक आहे? आणि कुठे कुठे? शाळा. बाजार. आबांचा दवाखाना, आईचा दवाखाना. आणि गणपती. भाऊ शिकले, निघून गेले, एक पुण्याला, एक बोस्टनला. कुणीतरी थांबायला हवं होतं, मी थांबले. त्याची तक्रार नाही. पण भूगोल शिकवणारी बाई मी, पोरींना रस्ते शिकवले, नद्या शिकवल्या, आणि स्वतः सगळं आयुष्य मिरवणुकीच्या चालीने गेले. इंजिन उघडलंच आहे. एकदा तरी ही गाडी पळाली पाहिजे."

मी गोपालदाला म्हणालो, कर बाबा फुल.

आणि गाडी पळाली. हे कबूल केलंच पाहिजे. दुसऱ्या हुगळी पुलापलीकडच्या हायवेवर शकूताईंनी तिला मोकळं सोडलं तेव्हा सीटने माझी पाठ धरली आणि सोडेना. त्यांचा अंबाडा सुटला होता, पदर वाऱ्यावर फडफडत होता, आणि त्या मोठ्याने काहीतरी म्हणत होत्या. मला वाटलं स्तोत्र असेल. नीट ऐकलं तर त्या नद्यांची नावं म्हणत होत्या. दामोदर, रूपनारायण, कंसावती, सुवर्णरेखा. ज्या रस्त्याने निघालो होतो तो रस्ता ज्या ज्या नद्या ओलांडतो त्या सगळ्या, ओळीने. मी दाराचं हँडल घट्ट धरून बसलो होतो, पण इतका आनंदी चेहरा मी फार थोड्यांचा पाहिला आहे. परतताना पुलावर त्या म्हणाल्या, "आबा असते तर मारलं असतं मला." आणि खूप वेळ हसत राहिल्या.

घोटाळा आम्ही तिघांनी मिळून केला होता आणि तो तिघांच्याही लक्षात आला नव्हता. आम्ही गाडी सगळीकडे चालवली, फक्त मिरवणुकीच्या चालीने चालवली नाही. वर्षातून एका संध्याकाळी लागणारी चाल कोण तपासतो? बॉनेटवर चहा ठेवला की सांडायचा, पण शकूताई म्हणायच्या, "नवी आहे, बसेल." इतकी वर्षं चहाचं ऐकणारी बाई त्या दिवसांत चहाचं ऐकत नव्हती.

गणपतीला पंधरवडा राहिला असताना जोगळेकरांसमोर चाचणी झाली. मूर्तीच्या जागी चौरंगावर पाण्याने भरलेली पितळी घागर ठेवली. घागर धरायला जोगळेकरांची मुलगी मीरा मागे बसली. ही एस्प्लनेडला एका बँकेत नोकरीला, दरवर्षी लेझीमच्या पहिल्या रांगेत असायची. गल्लीत पंधरा-वीस मंडळी उभी. शकूताईंनी चपला काढल्या, पहिला गियर टाकला आणि क्लच सोडला.

गाडीने गचका खाल्ला. मग दुसरा. पळताना वाघ असलेलं ते जनावर चालताना लंगडत होतं. मंद आवाजात इंजिन धड श्वासच घेईना. जरा वाढवावं तर गाडी पुढे उडी मारे, कमी करावं तर आचके देऊन बंद पडायला बघे. शकूताईंच्या कपाळावर घाम आला. गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत अर्धी घागर मीराच्या अंगावर रिकामी झाली होती. ती बिचारी ओल्या कपड्यांनी हसत म्हणाली, "विसर्जन झालं की हो, ताई."

जोगळेकर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मी टेम्पोवाल्याशी बोलून ठेवतो. ऐन वेळी धावपळ नको." शकूताई हो म्हणाल्या, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी घरात गेल्या.

संध्याकाळी मी खाली गेलो. त्या स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या, गरज नसताना, नुसतीच मळत होत्या. "मला समजावून सांगा," त्या म्हणाल्या. "पळते तर चालत का नाही?"

मी म्हणालो, "पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी भाजीचं भांडं घेऊन धावत सुटलाय. जेवणारेही भराभर जेवतायत तोवर ठीक. पण पंगत सावकाश जेवायला लागली तर? पानात मावणार नाही. अर्धी भाजी जमिनीवर. तुमच्या या कॅमने झडपा फार वेळ उघड्या राहतात. इंजिन मंद फिरतं तेव्हा आत घेतलेलंच परत बाहेर सांडतं."

"म्हणजे वाढपी चुकला नाही, पंगत चुकली," त्या म्हणाल्या. कणकेवर ओला पंचा टाकला. "रेल्वे, वरच्या माळ्यावर चढता येईल का तुम्हाला?"

माळ्यावर, आबांच्या जुन्या छत्र्यांच्या मागे, तेलकट फडक्यांत गुंडाळलेली दुसरी कॅमशाफ्ट होती. साहेबाने गाडीबरोबर दिलेली, कधीही न वापरलेली, आणि आजवर शकूताईंच्याही विस्मरणात गेलेली. मी ती बाळासारखी दोन्ही हातांवर घेऊन खाली आलो. माझ्या जिवात जीव आला. उद्याच बसवू, जशी आहे तशी. गणपतीही जाईल, टेम्पोही टळेल.

"जशी आहे तशी नाही," शकूताई म्हणाल्या. "सेमी."

इथे आमचं भांडण झालं. मी म्हणालो, ही शेवटची आहे, घासताना बिघडली तर तिसरी कुठून आणणार? गणपती तोंडावर आलाय. इतका धोका कशासाठी? त्या शांतपणे ऐकत होत्या, आणि त्या शांत झाल्या की मला जास्त भीती वाटायची.

"झालं तुमचं?" त्या म्हणाल्या. "आता माझं ऐका. त्या दिवशी हायवेवर मला काय वाटलं ते मी विसरणार नाही. पण तिथे मी वर्षाकाठी दोनदा जाईन. उरलेलं वर्ष बेहाला, सिग्नल, बाजार आणि एक दिवस गणपती. मी फुल निवडली ती एका दिवसासाठी. बाकीच्या दिवसांचा विचारच केला नाही. ते माझं चुकलं. पण म्हणून सगळंच पूर्वीसारखं करून गप्प बसू? भाजीत तिखट जास्त झालं तर पुढच्या वेळी कमी घालतात, मिळमिळीत करत नाहीत. अंमळ तेज असू द्या. चालेल तेव्हा चालेल, आणि पळावंसं वाटलं तर अंमळ पळेल. आणि आबांनी ही ठेवली ती वापरायला. पुजायला दुसरं आहे घरात."

मी म्हणालो, "ठरलंच असेल तर विचारता कशाला?"

"विचारलं कुठे? सांगतेय."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये त्या स्वतः जाऊन बसल्या. गोपालदा हिरमुसला होता. त्याच्या मते सेमी म्हणजे धड ना टॅक्सी धड ना वाघ. घासणारा माणूस दर उंचवटा मोजून दाखवी आणि शकूताई मला विचारत, "बरोबर?" मी मान हलवी. एरवी माझं एक न ऐकणारी बाई त्या दिवशी दर मापाला माझ्याकडे बघत होती. मशीनचा दगड शेवटच्या उंचवट्यावरून उचलला गेला तेव्हा मी घाम पुसला.

शाफ्ट बसली, रेडिएटर चढला, जाळी लागली. चतुर्थी उलटून गेली होती. सभागृहात गणपती बसले होते, रोज आरत्या चालू होत्या, आणि टेम्पोवाला जोगळेकरांना रोज फोन करून विचारत होता की नक्की का. चतुर्दशीच्या तीन दिवस आधी सकाळी गोपालदाने किल्ली फिरवली. आता नव्या कॅमचं एक पथ्य असतं. पहिल्या खेपेला इंजिन मंद ठेवायचं नाही, थोडा वेळ चढ्या आवाजात चालवून उंचवटे आणि झडपा ढकलणारे दट्टे एकमेकांशी रुळू द्यायचे. म्हणजे जे आम्हाला ऐकायचं होतं ते सोडून बाकी सगळं ऐकू येत होतं. शकूताई कपबशी हातात घेऊन उभ्या. चहा त्यांच्या हातातच हलत होता.

"कोमाओ," त्या म्हणाल्या. कमी कर. गोपालदाने आवाज उतरवला. इंजिन खाली आलं, आणखी खाली आलं, जरासं अडखळलं. मग ते खालच्या सुरात बसलं आणि तिथेच राहिलं.

शकूताईंनी कपबशी बॉनेटवर ठेवली. चहावर बारीक वलयं उठली. कप बशीत किणकिणला नाही. चहा काठापर्यंत आला आणि तिथेच थांबला, सांडला नाही. आम्ही तिघं कपाकडे बघत उभे होतो, जाणारी येणारी माणसं आमच्याकडे बघत होती. बऱ्याच वेळाने गोपालदाने बोट दाखवलं. साय धरत होती. पातळ, थरथरती, पण साय होती.

मला हुश्श झालं. अगदी मोकळं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. शकूताईंनी चहा उचलला, एक घोट घेतला आणि मला म्हणाल्या, "जोगळेकरांना फोन लावा. म्हणावं, जहाजाला झेंडू कोणत्या रंगाचा आणू."

अनंत चतुर्दशीला जहाज सभागृहापासून निघालं ते घाटावर जाऊनच थांबलं. मी शेजारच्या सीटवर होतो, पण रस्त्याकडे माझं लक्ष नव्हतं. मी त्यांच्या अनवाणी पायाकडे बघत होतो. क्लच किती उचलला जातोय, किती सुटतोय, काही कळत नव्हतं. गाडी नुसती सरकत होती. एका चढावर लेझीम अडली, तेव्हा जहाज जागच्या जागी, चढावर, मंद गुरगुरत उभं राहिलं. मागे मोरयाचा गजर चालू होता आणि मूर्तीच्या पुढ्यात ठेवलेल्या समईची वातसुद्धा नीट जळत होती. जोगळेकर चालत चालत दाराशी आले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि नुसतेच हात जोडून पुढे गेले. ते गणपतीला जोडले की शकूताईंना, ते मी विचारलं नाही.

विसर्जन झालं. मंडळी पांगली. रिकामा चौरंग घेऊन आम्ही तिघं निघालो, मीरा मागे चौरंगाशेजारी बसलेली. अंधार पडू लागला होता. पूल मोकळा दिसला तशी शकूताईंनी माझ्याकडे तिरपं पाहिलं आणि पाय दाबला. वाघ वगैरे नाही. सीटने पाठ धरली नाही. पण जहाजाने छाती भरून घेतली आणि ते पुढे निघालं, कुठेही न अडता, कुठेही न गचकता. मीराच्या केसांतली फुलं उडून मागे गेली. शकूताई पुटपुटल्या, "दामोदर." पुढची नदी येईतो पूल संपला. त्यांनी पाय उचलला.

"पुरे," त्या म्हणाल्या. "एवढंच हवं होतं."

पुढे माझी बदली बिलासपूरला झाली. निघताना त्यांनी डब्यात नारळाच्या वड्या दिल्या आणि बजावलं, "रुळांवरून नीट जा, वळू नका." त्यानंतर दर अनंत चतुर्दशीला दुपारी त्यांचा फोन यायचा. हॅलो वगैरे काही नाही. फोन त्या बॉनेटवर ठेवायच्या. मी इकडे कानाला लावून ऐकायचो. तेच खालच्या सुरातलं गुरगुरणं. मग आवाज यायचा, "साय धरली. ठेवते." आणि फोन बंद.

गेल्या हिवाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. फोनवर म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतो क्लच विसरा. मी म्हटलं, मुला, कुठल्या शाळेत शिकलास." पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. या वर्षी चतुर्दशीला दुपार उलटली, फोन आला नाही. मी दोनदा लावला, कुणी उचलला नाही. ऑफिसात माझं लक्ष लागेना. नको नको ते मनात येत होतं. त्यांना काही झालं असेल, किंवा टेम्पो आला असेल, आणि मला सांगायला नको म्हणून त्या फोन उचलत नसतील.

दिवेलागणीला फोन वाजला. उचलला तर हॅलो नाही. आधी ढोल, लोकांचा गलका, आणि त्या सगळ्याच्या खालून तो आवाज. मंद, एकसारखा, कुठेही न अडखळणारा. मी खुर्चीवर बसलो. बसल्यावर कळलं की इतका वेळ उभाच होतो.

"रेल्वे, आहात ना?" शकूताईच होत्या. "उशीर झाला. मी मागे बसलेय, काठी घेऊन. मीरा चालवतेय. उन्हाळाभर शिकवली तिला, चपला काढायला लावल्या. घाटावर पोचवलान गणपती. ठेच नाही लागली."

मी म्हणालो, "शकूताई, तुम्ही माझा जीव घेतलात आज."

"घेतला असता तर उत्तर कोण देतंय? अंमळ थांबा आता, फोन बंद करू नका."

मी थांबलो. गलका हळूहळू मागे पडला. चाकांखालचा आवाज बदलला, ते पुलावर आले असावेत. मग त्या माझ्याशी नाही, पुढच्या सीटशी बोलल्या, वर्गात बोलतात तशा, सावकाश.

"मीरा, पुढे बघ. रस्ता मोकळा आहे. आता अंमळ दाब."